खळ सुटलेल्या पेशी

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार.

मामींचे गुडघे कसे आहेत, बाइंडिंगचं दुकान कसं चाललंय, मांजर परत आलं का, हे सगळं विचारते. तुमच्या मानेवरच्या गाठीबद्दल मात्र विचारत नाही, कारण ती मला माहीतच नाही. (मामींनी फोनवर तसं बजावलंय. सात आठवडे ऐन उकाड्यात तुम्ही मफलर गुंडाळून बसता, हेही मला माहीत नाही.)

मी खुशाल आहे म्हणायचं, पण प्रयोगशाळेत माझी पुरती शोभा झाली आणि त्याला जबाबदार तुम्ही आहात. कसे, ते सांगते. आमच्याकडे छोट्या थाळ्यांत पेशी वाढवतात. पेशीच्या अंगावर काही प्रथिनं असतात, त्यांच्या जोरावर ती शेजारणीला धरून राहते. तुम्ही त्यांना खळ म्हणा, पुठ्ठ्याला कापड धरून ठेवते ती. आता कॅन्सर घडवणारं एखादं जनुक चेकाळलं, की ते ही खळ बनवणंच बंद पाडतं. मग पेशी सुटते. बरं, साधी पेशी अशी सुटली तर बिचारी मरते. ही मरत नाही, गावभर हिंडते आणि परक्याच्या घरी बिऱ्हाड थाटते. माझं काम एवढंच, की तसलं जनुक घातलेल्या थाळीतल्या किती पेशी सुटल्या ते मोजायचं.

लहानपणी दुकानात तुम्ही मला एकच गोष्ट शिकवलीत: कामाला हात लावण्याआधी टेबल पुसायचं. (न पुसता कात्री उचलली म्हणून मला बाहेरच्या पायरीवर बसवलं होतंत, विसरले नाही.) ते इतकं अंगात मुरलं, की मोजायच्या आधी मी प्रत्येक थाळी स्वच्छ विसळून घ्यायची. वरचं गढूळ पाणी सिंकमध्ये, वर आणखी दोनदा धुणं, मग सूक्ष्मदर्शक. असं तीन महिने. आणि तीन महिने एकच निष्कर्ष: सगळ्या पेशी जागच्या जागी, जनुक अगदी गरीब स्वभावाचं. एखाद्या थाळीत पेशी कमी दिसल्याच, तर "वाढल्याच कमी" असं लिहून मी मोकळी. भिंतीवर लावायचा रंगीत तक्तासुद्धा छापून घेतला.

शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही कासव म्हणतो. थाळी विसळायचाही त्यांना कंटाळा. त्यांच्या थाळीत मात्र ढिगाने पेशी तरंगत होत्या, चांगल्या जिवंत. मी सगळ्यांदेखत त्यांच्या गबाळेपणावर व्याख्यान झोडलं. आमच्या मुख्य बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या सिंककडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "राहिलेल्या तू मोजल्यास. गेलेल्या कोण मोजणार?" त्या दिवशी कासवाने मला चहा पाजला, हे तर त्याहून वाईट. सध्या सगळं पहिल्यापासून करते आहे, न विसळता. हात नुसते शिवशिवतात.

बाकी सर्व ठीक. मामींनी मला काही सांगितलं नाही, हे त्यांनाही सांगा.

तुमची,
टापटीप भाची

ता. क. मामा, "दुखत नाही, भूक लागते, दुकानात उभं राहवतं" असं तुम्ही मामींना ऐकवता, ते सगळं खरं असेल. पण ते माझ्यासारखं राहिलेलं मोजणं झालं. गाठ साधीही असेल, पण ते तिचा तुकडा तपासून कळतं, मफलर गुंडाळून नाही. आणि साधी नसली, तर पेशींनी एकमेकींचा हात सोडायच्या आत कळलेलं बरं. मला फार भीती वाटते, मामा.

आणखी ता. क. पाकिटावर टपालाचं तिकीट नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसणारच. पत्र मामींनी तुमच्या टेबलावर ठेवलंय आणि मी आत स्वयंपाकघरात त्यांच्याजवळ बसले आहे. डॉक्टरांनी साडेदहाची वेळ दिली आहे, गाडी दारात उभी आहे. आज टेबल पुसत बसू नका. तसेच या.