तळघराचं झाकण

१ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. टोर्नेडोचा मोसम जवळ आलाय आणि या वर्षी मी सगळं शिस्तीत करणार आहे. संकल्प तीन. एक, परसातलं तळघर रिकामं करणे. दोन, तळघराच्या झाकणाला आतून कडी बसवणे (जुनी दोन मोसमांपूर्वी तुटली). तीन, एक तरी टोर्नेडो स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे.
तिसरा संकल्प कुणाला सांगता येत नाही. ओक्लाहोमात अठ्ठावन्न वर्षं काढली, आणि गावाला वाटतं मी तीन पाहिलेत. तसं मीच सांगितलंय.

७ मार्च, शनिवार
दुपारी बाराला सायरनची चाचणी झाली. दर शनिवारी होते. मी त्यावर घड्याळ लावतो.
तळघर उघडून पाहिलं. आत नाताळची प्लास्टिकची हरिणं तीन (एकाला मान नाही), व्यायामाची सायकल, रंगाचे अकरा डबे, टर्की तळायची कढई आणि माझ्या बोलिंगच्या ट्रॉफ्या. ट्रॉफ्या कुठे ठेवायच्या हा मूळ प्रश्न. आधी विचार, मग काम. झाकण लावलं.

२२ मार्च, रविवार
चर्चहून येताना बायको, म्हणजे नेडीन, म्हणाली, व्हर्जिल, वर्षभरात मी तुझ्याकडे एकच गोष्ट मागते. त्या तळघरात माझी एक खुर्ची मावू दे.
ती नऊ वर्षांची असताना त्यांच्या घराचं छप्पर उडालं. आई तिला बाथटबमध्ये घालून वर पालथी पडली होती. अजूनही वादळाआधी आभाळ हिरवं झालं की नेडीनचे हात गार पडतात. मी म्हणालो, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नक्की. अगदी मनापासून म्हणालो, हे इथे नोंदवून ठेवतो.

११ एप्रिल, शनिवार
पहिला आठवडा गुडघ्यात गेला. पावसाळी हवेत दुखतो. पाऊस नव्हता, पण येण्यासारखा होता.
मात्र वेळ फुकट घालवला नाही. वाचनालयात वादळ ओळखायचा दोन तासांचा मोफत वर्ग होता, तो केला. शिकवणारा म्हणाला, प्रश्न असतील तर विचारा. मी उत्तरं दिली. शेवटी प्रमाणपत्र मिळालं. सगळ्यांनाच मिळालं, पण माझ्या प्रतीवरची शाई गडद आहे. फ्रेम तळघरात असावी. शोधायला गेलो, सायकलवरून पडलो. परत गुडघा.

२१ एप्रिल, मंगळवार, संध्याकाळ
सायरन वाजला. खरा. रीतीप्रमाणे गल्लीतले सगळे पुरुष आपापल्या पोर्चवर उभे. शेजारचा डेल्बर्ट खुर्ची आणि बिअर घेऊन बसला, मांडीवर कुत्री थरथरतेय. मी त्याला लांबचा एक संशयास्पद ढग दाखवला. तो म्हणाला, लेका, ती धान्याच्या कोठाराची धूळ आहे, रोज याच वेळी उडते. प्रमाणपत्राचा उल्लेख मी मुद्दामच केला नाही.
मग मी कॅमेऱ्याची बॅटरी शोधायला आत गेलो. नेमकं तेवढ्यात सगळ्यांना टोर्नेडोचं शेपूट दिसलं म्हणे, बारा मैलांवर. मी आल्या आल्या म्हणालो, हा माझा चौथा.
नेडीन तळघरात उतरायला गेली होती. पाय ठेवायला जागा नाही, म्हणून टबमध्ये उशी डोक्यावर घेऊन बसली. जेवताना एवढंच म्हणाली, टबमधून छताची भेग छान दिसते. तीही तूच बुजवणार होतास ना?

२ मे, शनिवार
आज मोठं काम उरकलं. हरिणं सरकवली, सायकल उभी केली. एक माणूस बसेल एवढी जागा झाली. मी बसून पाहिलं, ऐसपैस. नेडीन वरून म्हणाली, आणि मी? म्हणालो, टप्प्याटप्प्याने.
कडीही आणली. दुकानदाराने चुकीचे स्क्रू दिले. मी मागितले तेच दिले, पण त्याला कळायला नको?

९ मे, शनिवार, दुपारी १२:३५, तळघरातून
अक्षर वाईट येईल. बॅटरीच्या उजेडात लिहितोय.
बाराला सायरन झाला. नेडीन म्हणाली, आभाळ बघ आधी. हवा खराब असली की चाचणी रद्द करतात, हे डेल्बर्टच्या कुत्रीलाही माहीत आहे. मी म्हणालो, शनिवार आहे, बारा वाजलेत, चाचणी आहे. आपल्या दोघांत प्रमाणपत्र कुणाकडे आहे? तू घड्याळ लावून घे. ती खाली वाकून चपला शोधत होती.
तीन मिनिटं झाली, सायरन थांबेना. आभाळाला वाटाण्याच्या सूपचा रंग. मी पाहणीसाठी परसात गेलो. पुढचं नीट आठवत नाही. एकदम मी तळघरात होतो आणि झाकण बंद होतं. प्रशिक्षण अंगात भिनतं ते असं.
आणि मग ते आलं. थेट माझ्यावरून. झाकण वर खेचायला लागलं. कडी नाही, म्हणून मी दोन्ही हातांनी मूठ धरून लोंबकळलो. ते जरा सैल सोडायचं, पुन्हा हिसका द्यायचं, वरून दणके घालायचं. मी हललो नाही. लोक सांगतात की टोर्नेडोचा आवाज मालगाडीसारखा असतो. साफ चूक. बाईमाणसाच्या आवाजाच्या जवळ जातो. माझ्या टोर्नेडोने तर मला नावाने हाक मारली. चार वेळा, शेवटची आडनावासकट. सहा मिनिटं झुंजलो. मग शांत झालं.
नेडीन टबमध्ये असेल. असेलच.

९ मे, दुपारी २
नेडीन धडधाकट आहे. घर शाबूत, गाडीवरची शेड गेली. ती स्वयंपाकघरात उभी होती, एका पायात चप्पल. मी सहा मिनिटांची झुंज सांगितली, हातवारे करून. ती म्हणाली, ती मी होते. म्हणालो, कोण? म्हणाली, तुझा टोर्नेडो.
धक्क्यानंतर माणसाला भास होतात. वर्गात सांगितलं होतं. बहुधा.

१० मे, रविवार
डेल्बर्टच्या गोठ्याचे उडालेले पत्रे गोळा करायला गेलो. तो म्हणाला, पोर्चवरून अख्खं दिसलं, व्हर्जिल. दीड मैलावर, कुरणातून चाललेलं, पांढरंशुभ्र, असं देखणं आयुष्यात पाहिलं नाही. आणि इकडे तुझी बायको तुझ्या झाकणावर लाथा घालतेय. शेवटी माझ्या बायकोने तिला आमच्या तळघरात ओढून नेलं. तू कुठे होतास रे?
म्हणालो, मी जवळून पाहत होतो.
झाकणापाशी नेडीनची गुलाबी चप्पल सापडली. झाकणाच्या पत्र्याला टाचेचा पोचा आहे.
मी घाबरलो होतो. तिचा आवाज मी पहिल्या हाकेला ओळखला, आणि तरी मूठ सोडली नाही. टोर्नेडो मी आजवर एकही पाहिलेला नाही, आणि आला तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. कुठेतरी लिहायला हवं होतं, म्हणून लिहिलं. हे पान फाडणार आहे.

१३ मे, बुधवार
पान फाडायचं राहिलं. गुडघा.

१६ मे, शनिवार, दुपारी १२:२०
सकाळी नेडीन आणि डेल्बर्टने मिळून तळघर रिकामं केलं. दोन तासांत. ट्रॉफ्या आता टबमध्ये आहेत. कडीही बसवली, योग्य स्क्रू लावून. खाली दोन खुर्च्या मांडल्या. दोन पाहून माझा जीव भांड्यात पडला. विचारलं, दुसरी माझी ना? नेडीन म्हणाली, डेल्बर्टच्या कुत्रीची. बिचारीला सायरनची भीती वाटते, आणि ते ती कुणापासून लपवत नाही.
बाराला चाचणी झाली. आभाळ लख्ख. नेडीन कुत्रीला घेऊन खाली उतरली, म्हणाली, आमचीही एक चाचणी होऊन जाऊ दे, आणि आतून कडी लावली. मी झाकणावर टकटक केली, थट्टा म्हणून. मग जरा जोरात. मग हाक मारली. चार हाका झाल्या, शेवटची आडनावासकट. माफ कर, असंही म्हणालो, पण सायरन चालू होता. आतून नेडीन कुत्रीला म्हणाली, वारा काय सुटलाय बघ गं बाई. अगदी माणसासारखा बोलतोय.
सायरन तीन मिनिटांनी थांबला. माफ कर, असं मी पुन्हा म्हणालो. आता ऐकू जात होतं. मी झाकणाशेजारी गवतात बसून राहिलो.
मग कडी निघाली. नेडीन वर आली, मनगट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, बरोब्बर सहा मिनिटं. तू सांगितल्याप्रमाणे घड्याळ लावून घेतलंय.