न्वाकेगोच्या पापाबाबत माझे अखेरचे सांगणे

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी आमच्या उमुन्केलु गावच्या चर्चमध्ये फादर हायजिनस यांनी माझ्या सवतीच्या, न्वाकेगोच्या, ओठांपर्यंत आणलेला ख्रिस्तप्रसाद परत ताटलीत ठेवला. तेव्हापासून माझे डोके पूर्ण ठिकाणावर आहे. म्हणून मी, पर्पेच्युआ ओन्येक्वेलु, वय ७४, निवृत्त मुख्याध्यापिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, निव्वळ संतापाने लिहीत आहे.

१. माझ्या पगारातून बांधलेले विटांचे घर न्वाकेगोला. आमच्या दिवंगत पतीच्या, सिप्रियनच्या, भावांनी दारात घिरट्या घालू नयेत. त्यांना त्याची आरामखुर्ची दिली आहे. तिचा एक पाय मोडका आहे, त्यांना शोभेल.

२. शिवणयंत्र न्वाकेगोच्या थोरल्या मुलीला. ती मला मोठी आई म्हणते. तिच्या आईनेच तसे शिकवले.

३. माझे कॉन्व्हेंटमधले धर्मशिक्षणाचे पुस्तक फादर हायजिनस यांना. तिसरीत मीच त्यांना ते शिकवले, कच्चे राहिले. घोर पापाला तीन गोष्टी लागतात: बाब गंभीर हवी, ती पाप आहे हे पुरते ठाऊक हवे, आणि मनापासून संमती हवी. एक जरी कमी पडली तरी ते घोर पाप नव्हे.

नवऱ्याची पहिली बायको असताना दुसरी म्हणून नांदणारीला चर्च प्रसाद देत नाही. सिप्रियनला जाऊन दोन महिने झाले, म्हणून न्वाकेगो एकतीस वर्षांनी प्रथमच प्रसादाच्या रांगेत उभी राहिली. फादर म्हणाले, आधी सगळ्यांसमोर कबूल कर की एवढी वर्षे पापात राहिले.

"एकटीच राहिले का, फादर?" तिने हळूच विचारले आणि जागेवर जाऊन बसली.

घरी आल्यावर म्हणाली, "ताई, येत्या रविवारी म्हणून टाकते. मेल्यावर चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना तरी मिळेल."

सिप्रियनचे तेच पाप मृत्युशय्येवर दहा मिनिटांच्या खासगी कबुलीत फिटले. वर अंत्यविधीला तीन फादर, बँड आणि एक अख्खी गाय. चोर सोडून संन्याशाला सूळ.

४. आता जी मालमत्ता माझी असून आजवर न्वाकेगोच्या नावावर राहिली, ती: पाप. मला मूल होत नव्हते. १९९३ च्या डिसेंबरात मी स्वतः ताडीचे मडके घेऊन सिप्रियनसाठी तिला मागणी घालायला तिच्या बापाकडे गेले. ती सतरा वर्षांची होती. शाळेत घालायला नेते, असे मी तिला सांगितले होते. वाटेत तिने विचारले, "बाई, दप्तर कुठे मिळेल?"

"घरी गेल्यावर बघू," मी म्हटले.

बाब गंभीर. ज्ञान पूर्ण, धर्मशिक्षणात माझा पहिला नंबर असे. संमती तर उत्साहाने. तिच्याकडे यातले काय होते? आणि मी मात्र दर रविवारी पहिल्या बाकावर. सोशिक पत्नी म्हणून दोनदा प्रवचनात माझे नाव घेतले गेले. मी मान खाली घातली, ती नम्रता समजली गेली.

५. सबब, न्वाकेगोला कबुलीशिवाय प्रसाद मिळणार की नाही, हे फादरांनी शनिवार, १५ फेब्रुवारी, दुपारी बाराच्या आत लेखी कळवावे. नकार असल्यास रविवारी सगळ्यांसमोर कबुली द्यायला तिच्या जागी मी उभी राहीन, आणि माझ्या मयताला मिस्सा नको. तोंडी आशीर्वाद उत्तर म्हणून स्वीकारला जाणार नाही.

सही: पर्पेच्युआ ओन्येक्वेलु
साक्षीदार: बोनिफेस इलोअनुसी, निवृत्त पोस्टमास्तर, कॉर्डेलिया ओकपारा, परिचारिका
उमुन्केलु, १२ फेब्रुवारी २०२५