जहाजावरचा चहा

शुक्रवार, जून. पॉइंट कुक.

पप्पांचा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी बातम्यांत युरोपातला तोच वाद. समुद्रातून वाचवलेली माणसं जहाजावर ताटकळताहेत आणि त्यांना कुठल्या बंदरात उतरवायचं यावर सुटाबुटातले लोक भांडताहेत. डेनिस म्हणाला, "सगळ्यांना कसं घेणार?" नवऱ्याचं अगदीच चूक नाही, इथे परदेशात यायच्या व्हिसासाठी आम्हीही थांबलोच होतो. तेवढ्यात पप्पांनी विचारलं, "त्यांना चहा दिला का?"

डेनिस हसला. मला हसू आलं नाही. वसईहून मासेमारीला गेलेली पप्पांची बोट इंजिन बंद पडून वाहत गेली, तेव्हा मी आईच्या पोटात होते. एका परदेशी मालवाहू जहाजाने शिडी सोडून त्यांना वर घेतलं. आधी गोड काळा चहा दिला, नाव नंतर विचारलं. ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की कंटाळा यायचा. आज नाही आला. तो कप्तान कोणाची परवानगी मागत बसला असता तर? पप्पा मला फक्त फोटोत दिसले असते.

धोरण काय असावं, मला खरंच कळत नाही. पण तो चहा...

जेवणाआधीच्या प्रार्थनेत आज त्या कप्तानाचे आभार मानले. लेकीने, रियाने, लगेच विचारलं, "ग्रँडपा, व्हॉट फ्लॅग वॉज इट?"

पप्पांनी बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाले, "झेंडा कुठला बघतो गं. मी शिडी बघत होतो."