माहेरचं नाव, सासरचं नाव

३ मार्च २००८

"मॅडम, तुमच्या लेकीचा कम्प्युटर फेल!" — मोठे डॉक्टर. तेही सगळ्या स्टाफसमोर! ज्या दवाखान्यात मी मॅट्रन म्हणून रिटायर झाले, तिथं!

साधनानं एकटीनं त्यांचा वेब प्रोग्रॅम लिहिला — नोंदणी, लॅब, बाळंतपण, प्रत्येकाचा वेगळा भाग, म्हणजे मॉड्यूल. आणि हे म्हणतात, आठवड्यात सुधारा, नाहीतर बंद करू. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी जीभ आवरायला शिकवलं होतं. जमलं नाही, डॉक्टरांना तोंडावर सुनावलं. आज बरंच झालं!

४ मार्च

काय बिघडलं ते बघायला वॉर्डात स्वतः गेले. सेनगावची सपना बाळंत झालेली. तिचा रक्तगट निगेटिव्ह, बाळाचा पॉझिटिव्ह. लॅबला माहीत, वॉर्डाच्या स्क्रीनवर मात्र कोरं! पुढच्या बाळाला धोका नको म्हणून अशा आईला द्यायचं इंजेक्शन राहूनच जात होतं. निर्मलाबाई सिस्टरनी रक्त पुन्हा तपासायला लावलं म्हणून निभावलं.

तिची आई केशरबाई म्हणाली, "आधी तपासलं व्हतं की! जावई घेऊन आल्ते."

"नाव काय सांगितलं त्यांनी?"

"त्यायचंच. सपना धम्मानंद इंगोले. मी भरती केली तवा आमचं सांगितलं — सपना संतराम खिल्लारे. पहिलं बाळंतपण माहेरचं असतंय बाई, मंग सासरचं नाव काहून सांगू?"

बिनतोड! एका पोरीच्या दोन बायका झाल्या.

५ मार्च

साधनानं कपाळावर हात मारला. प्रत्येक मॉड्यूल नाव आपल्यापाशी ठेवतं, आणि नावावरूनच शोधतं!

म्हटलं, माणूस एकाच जागी लिही. दोन्ही नावं विचार, जन्मतारीख विचार, एकच नंबर दे. बाकीच्या मॉड्यूलनी तिथूनच घ्यावं.

"जुन्या नोंदीपण जोडू, मम्मी?"

म्हटलं, "सगळ्या." माझी दोन्ही नावं मीच लिहून दिली.

८ मार्च

चाललं! लॅबनं रक्तगट भरला, वॉर्डात लगेच लाल अक्षरांत! डॉक्टर म्हणाले, "बराबर आहे की."

"मग माफी मागा. सगळ्यांसमोर बोललात, सगळ्यांसमोरच मागा."

मागितली! लेक माझी! चहा सांडला तरी कळलं नाही मला.

१० मार्च

साधना भरदुपारी घरी आली. छातीतल्या गाठीची तपासणी मी माहेरच्या नावानं केली होती — तिला कळू नये म्हणून. जोडणीत तो रिपोर्ट आता माझ्या नंबरावर आला, आणि तिनं वाचला.

"काहून लपवलंस गं?" रडत होती.

"जोडणी चोख केलीस," म्हटलं.

उद्या दोघी नांदेडला, मोठ्या दवाखान्यात.