पावलांवर उभी अक्षरं

अब्बा, काल लक्ष्मी रोडवर तुमची अक्षरं पाहिली. नवी कोरी, पुरुषभर उंचीची, साड्यांच्या एका दुकानावर. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, म्हणून हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं, आणि मराठीतच सांगायला हवं. घरात आपण दखनीत बोलायचो, पण अक्षरांविषयी तुम्ही कायम मराठीतच बोललात.

मी अकरा वर्षांची असेन. नारायण पेठेतल्या एका छापखान्याची पाटी आपल्या खोलीत भिंतीला टेकवलेली आहे, घरभर तेलरंगाचा वास आहे, आणि 'मुद्रणालय'मधल्या शेवटच्या 'य'मध्ये लाल रंग भरायचं काम तुम्ही मला दिलं आहे. मी भरते. पण त्याच्या उभ्या दांडीच्या तळाशी तुम्ही आखलेलं जाड, दोन्ही बाजूंना पसरलेलं पाऊल मला जास्तीचं वाटतं. शाळेच्या पुस्तकातल्या 'य'ला ते नसतं, फक्त इंग्रजी अक्षरांना असतं. मी ते सोडून देते. तुम्ही ब्रश माझ्या हातातून काढून घेता. "पुस्तकातलं अक्षर रेघेला लोंबकळतं, तिथं चालतं," तुम्ही म्हणता. "हे दुकानावर उभं राहायला आलंय. पाय तोडून पाठवतेस त्याला?" मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत. ब्रश परत हातात दिलात, आणि मी पाऊल रंगवलं.

पुढे फ्लेक्स आले. एकेक दुकानदार यायचा बंद झाला. "आता अक्षरं मशीन काढतं," एवढंच बोलून तुम्ही ब्रश रॉकेलमध्ये धुतलेत आणि गुंडाळून माळ्यावर टाकलेत. नंतर कधी खाली काढले नाहीत. मी मात्र त्या मशीनपाशीच जाऊन बसले. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी फॉन्ट काढते. दोन वर्षांपूर्वी मथळ्यांसाठी एक ठसठशीत, जुन्या वळणाचा, नक्षीदार फॉन्ट हवा होता, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. काय काढायचं याचा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. सुट्टीच्या दिवशी पेठांमधून हिंडून तुमच्या उरलेल्या पाट्या शोधल्या. अकरा मिळाल्या. सदाशिव पेठेतल्या औषधांच्या दुकानाचे म्हातारे मालक, फोटो काढू का विचारल्यावर, वर न बघता म्हणाले, "पाटी बघायला परवानगी कशाला? शिडी मात्र तुमची तुम्ही आणा." मी कुणाची मुलगी ते सांगितलं, तर स्वतःच आतून शिडी घेऊन आले आणि मी उतरेपर्यंत धरून उभे राहिले. "फ्लेक्सवाले तीनदा येऊन गेले," ते म्हणाले. "मी म्हटलं, आधी हिचा रंग उडू दे. उडतच नाही."

फॉन्ट तयार झाला आणि आमच्या साहेबांनी तो पाहिला. "छान आहे, पण हे पाय काढा. देवनागरीला पाय नसतात. आणि जरा बारीक करा." खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मी म्हटलं, अब्बा, "सर, हा वाचायचा फॉन्ट नाही. हा लांबून दिसायचा आहे. खाली येता का?" एकच शब्द मी दोन प्रकारे छापला, पायांचा आणि बिनपायांचा, आणि पार्किंगच्या पार टोकाच्या भिंतीवर दोन्ही कागद लावले. गेटवरून साहेब बघत राहिले. वॉचमन जवळच्या गावातला, त्याला मी विचारलं, कोणतं दिसतंय? त्याने डोळे बारीक केले. "डावीकडचं काय कळंना. उजवीकडचं हाय की, दमात उभं हाय." उजवीकडचं आपलं होतं. साहेब हसले. म्हणाले, "राहू द्या पाय."

आता तो नाटकांच्या जाहिरातींवर आहे, पुस्तकांवर आहे, लग्नपत्रिकांवर आहे. काल मी अम्मीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होते. तिला मी फॉन्टबद्दल काही बोलले नव्हते, आणि त्या दुकानाने तो घेतलाय हे मलाही ठाऊक नव्हतं. चालत्या रिक्षात तिने एकदम माझा दंड धरला. मोतीबिंदूचे डोळे, मराठी तिला नीट वाचताही येत नाही. "अरे, ये तो तेरे अब्बा का हाथ है! कब लिखे ये?" मी रिक्षा थांबवली. भर गर्दीत मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, रिक्षावाला वैतागला होता, आणि आम्ही दोघी फुटपाथवर उभ्या राहून वर बघत होतो. मशीनने काढलेली अक्षरं होती ती, अब्बा. अन् तिने तुमचा हात ओळखला.

हे पत्र कुणाकडे द्यायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. अकरा पाट्यांत 'ळ' कुठेच नव्हता. तो मी माझ्या मनाने काढला. लोक सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच करतात, आणि मी प्रत्येकाला सांगते, तो तर आमच्या अब्बांचा.