पलीकडचे एकसष्ट

१२ मार्च

नवे रुग्ण काल तीनशे ऐंशी, आज दोनशे दहा. आकडा आला आणि कचेरीचा चेहराच पालटला. सचिव स्वतः जिना चढून आमच्या आकडेवारीच्या खोलीत आले. एरवी त्यांना ही खोली कुठे आहे हेही ठाऊक नसतं. म्हणाले, "उतरणीला लागलो म्हणायचं का मॅडम?"

म्हटलं, चाचण्या किती झाल्या ते बघा. काल चार हजार, आज एकोणीसशे. प्रयोगशाळेतलं सामान संपलंय. काल शंभरात साडेनऊ बाधित निघत होते, आज अकरा. म्हणजे साथ वाढलीच आहे, आपण बघणं कमी केलंय.

सचिवांचा चेहरा पडला. मास्क असूनही कळलं. "तुम्हाला कधी आनंदच होत नाही का हो?"

होतो ना. हिशोब बरोबर आला की होतो.

१४ मार्च

सचिव रेडिओवर. सोमवारी बाजार बंद केला, गुरुवारी रुग्ण घटले, तेव्हा बंदी लागू पडली म्हणे! लागण झाल्यावर खोकला यायलाच पाच-सहा दिवस जातात, मग चाचणी, मग अहवाल. गुरुवारचे रुग्ण बाजार उघडा असतानाचेच. बाजार बंद करणं योग्यच होतं — उलट उशीरच झाला — पण त्याचं फळ दिसायला अजून आठवडा जाईल. तेव्हा कुणी रेडिओवर येणार नाही.

मोठ्या बाईंना सांगितलं तर हसल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शहराच्या आरोग्यप्रमुख. निवृत्तीला आल्यात, गुडघे दुखतात, तरी रोज दोन दवाखाने फिरून मगच खुर्चीत बसतात. म्हणाल्या, "आपलं खरं आपल्या वेळेला सांगायचं. रेडिओशी शर्यत लावू नकोस."

१७ मार्च

आज घरात रण माजलं.

धाकट्या भावाच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर तक्ता. दोन महिन्यांतले साथीचे मृत्यू : आपलं शहर चारशे साठ, नदीपलीकडचं शहर एकसष्ट. वर मथळा — 'आपण एवढे मागे का?' मथळा धाकट्यानेच दिलेला. नोकरीला लागून तीन वर्षं झाली, पण घरात सगळे त्याला संपादकच म्हणतात.

मी म्हटलं, "संपादक, हे काय छापलंत?"

"मी आकडे बनवत नाही ताई. दोन्ही सरकारी आहेत. एक तर तुझाच आहे."

"आम्ही घरी मेलेले पण धरतो. ते कसे धरतात ते विचारलंस?"

"तूच सांग ना मग."

सांगता आलं नाही. माहीतच नव्हतं. आई दोघांच्या मध्ये ताट ठेवून म्हणाली, "मेलेल्यांवरून जेवताना भांडू नका."  

१८ मार्च

तक्त्याने आग लावली. वरून चौकशी समिती येतेय, एक एप्रिलला. दोन शहरांत एवढा फरक का, हे तपासायला. सचिवांनी स्पष्टच सांगितलं, उत्तर पटलं नाही तर मोठ्या बाईंना जावं लागेल.

त्यांनी वाटही काढून ठेवली होती. इस्पितळात मेलेले आणि आधी चाचणी झालेले, एवढेच धरायचे. चारशे साठचे दोनशे नव्वद होतात. "सगळीकडे असंच चालतं बाई. आपणच कशाला अंगावर घ्यायचं?"

मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "घरी गेला म्हणून माणूस कमी मेला का?"

  जिना उतरताना ठरवलं — या बाईंची खुर्ची मी हलू देणार नाही.

२० मार्च

सुचलं. एवढं सोपं, की आधी सुचलं नाही याचाच राग आला.

मृत्यूचं कारण कुणी काहीही लिहो, नाहीतर न लिहो. पण माणूस मेला ही नोंद घरचे लोक करतातच. त्याशिवाय घर नावावर होत नाही, निवृत्तिवेतन मिळत नाही. तेव्हा साथीचे मृत्यू मोजायचेच नाहीत. सगळे मोजायचे! गेल्या पाच वर्षांत याच दोन महिन्यांत सरासरी किती माणसं गेली आणि यंदा किती. जे जास्तीचे, ते साथीचे. थोडे इकडेतिकडे होतील, पण त्यात चारशे माणसं दडणार नाहीत.

दोन्ही शहरांच्या नोंदणी कचेऱ्यांना पत्रं पाठवली.

२३ मार्च

आपल्या नोंदी आल्या. पलीकडच्या नाहीत.

२५ मार्च

पलीकडच्या आल्या. उद्या शांतपणे बसते.

२६ मार्च

आपण : दरवर्षी नऊशे, यंदा चौदाशे. जास्तीचे पाचशे. आम्ही सांगितले चारशे साठ. म्हणजे जवळपास सगळे आमच्या हिशोबात आहेत. मोठ्या बाईंनी घरोघर डॉक्टर पाठवले, त्याचं हे फळ.

पलीकडे : दरवर्षी सहाशे, यंदा अकराशे. जास्तीचे पाचशे. सांगितले एकसष्ट.

शहर आपल्याहून लहान, आणि मेलेले तेवढेच. म्हणजे साथीने तिथे जास्त मारलं. आणि मान खाली घालायची आम्ही!

तीन वेळा तपासलं. एक वर्ष वगळून पाहिलं, दोन वगळून पाहिलं. चित्र तेच. मोठ्या बाईंच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "पाचशे. अरे देवा." मला वाटलं होतं, खूश होतील.

२७ मार्च

धाकट्याला दाखवलं. त्याने तक्ता दोनदा वाचला. चुकलं म्हणाला नाही — आमच्या घरात तसं कुणी म्हणत नाही — पण स्वतः उठून माझ्यासाठी चहा केला. तेच समजायचं.

मग विचारलं, "पलीकडच्यांशी बोललीस?"

"कशाला?"

"त्यांचं म्हणणं काय ते घ्यायला. आम्हाला घ्यावं लागतं."

"तू तक्ता छापलास तेव्हा घेतलंस आमचं?"

"नाही घेतलं. म्हणून तर सांगतोय."

म्हटलं, चारशे चाळीस माणसं गायब करणाऱ्याला काय विचारायचं? तो काय हो म्हणणार आहे? आकडे समोर आहेत. आकड्यांना म्हणणं नसतं.

त्याने रिकामे कप उचलून नेले. पटलं असावं.

१ एप्रिल

झालं. आणि झकास झालं.

लांब टेबल, सगळ्या खिडक्या उघड्या, कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकाने वर पेला ठेवलेला. समितीचे अध्यक्ष वयस्कर, हळू बोलणारे, कान तिखट. मी वीस मिनिटं बोलले. एकदाही अडले नाही. शेवटी दोन्ही शहरांचे आलेख शेजारी शेजारी लावले. खोलीत कुणी खोकायलाही तयार नव्हतं. अर्थात हल्ली तसंही कुणी खोकत नाही.

अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे यांचा आकडा मोठा, कारण यांनी नीट मोजलं?"

"होय."

"आणि पलीकडे मृत्यू लपवले जाताहेत, असं तुमचं म्हणणं आहे?"

"होय."

लिहून घेतलं. मोठ्या बाई राहणार! शिवाय त्यांची मोजण्याची पद्धत सगळीकडे लागू करा, अशी शिफारसही होणार. सचिवांनी बाहेर येऊन माझं अभिनंदन केलं. जणू ही युक्ती दोघांनी मिळूनच काढली होती.

मोठ्या बाई मात्र जिन्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "छान बोललीस. उपकार विसरणार नाही. पण ते दुसरं 'होय' तुझ्या तक्त्यात नव्हतं गं."

"दुसरं काय कारण असणार बाई?"

"मला माहीत नाही," म्हणाल्या. "तेच म्हणतेय."

दमल्या असतील. गेले पंधरा दिवस त्यांचे कसे गेलेत ते मी पाहिलंय.

२ एप्रिल

धाकट्याच्या वर्तमानपत्रात पुन्हा पहिलं पान : 'पलीकडे मृत्यूंची लपवाछपवी'. यावेळी मथळा त्याचा नाही, वरच्यांचा. त्याने कुणीतरी पलीकडे जाऊन यावं असं सुचवलं होतं म्हणे. थांबायला कुणी तयार नव्हतं.

शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हात केला. "पेपरात आलंय ते तुम्हीच शोधलंत ना?" आईने माझ्या आधी हो म्हणून टाकलं.

४ एप्रिल

पलीकडच्या आरोग्यप्रमुखांना निलंबित केलं. आजपासूनच.

वाईट वाटायला हवं का, याचा विचार करून पाहिला. नाही वाटलं. एकसष्टच्या भरवशावर तिथले लोक बिनधास्त फिरले असतील. कुणी म्हाताऱ्या आईला भेटायला गेला असेल, कुणी दुकान उघडलं असेल. खोटा आकडा माणसं मारतो. खुर्चीवर बसणाऱ्याने एवढं तरी समजून घ्यावं.

सचिव म्हणाले, तिथली मोजणी नीट लावून द्यायला तुम्हीच जा. जाईन. आठवड्याभरात मार्गी लावते.

६ एप्रिल

उद्या पलीकडे. तक्त्यांचे कोरे नमुने घेतले, मास्क घेतले. आईने पाण्याच्या दोन बाटल्या भरून दिल्या. धाकटा म्हणाला, "मीही येऊ?" नको म्हटलं. कामाला चाललेय.

७ एप्रिल

आरोग्य कचेरी म्हणजे दवाखान्यामागच्या दोन खोल्या. आत एकच कारकून. म्हणाला, घरी मेलेल्यांकडे जाऊन कारण लिहिणारे दोन डॉक्टर होते. दोघेही साथीतच गेले, जानेवारीत. बदली माणसं मागितली, आली नाहीत. उरले एकटे साहेब, म्हणजे शनिवारी निलंबित झालेले आरोग्यप्रमुख. ते सकाळपासून रात्रीपर्यंत रुग्ण तपासायचे. इस्पितळातून जे एकसष्ट आले, तेवढे त्यांनी वर कळवले. बाकीच्यांचं कारण लिहायला कुणी नव्हतंच.

शनिवारपासून रुग्ण तपासायलाही कुणी नाही.

ओसरीवर माणसं भिंतीला टेकून बसलेली. माझी पिशवी बघून एक बाई उठून उभी राहिली. "नव्या डॉक्टर तुम्हीच का?"

नाही म्हटलं. ती तशीच उभी राहिली.