नसलेला बांध

दि. १९, शुक्रवार
जहाजावरून, सकाळी साडेनऊ

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी आपखुशीने लिहीत नाही. दप्तरखान्याने एक प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर आज चार वाजता बोटीने किनाऱ्याला जायचे आहे आणि त्या उत्तरात तुझा संबंध येतो. म्हणून लिहिते.

माझी तब्येत ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण जहाजाचे जिने त्याहून जास्त कुरकुरतात. तुझी पाठ कशी आहे? रक्ततपासणीच्या खोलीत अजून दिवसभर उभ्यानेच काम करतेस का? स्टूल माग. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

जहाजाची ही शेवटची फेरी आहे, आणि माझीही. परतल्यावर ते भंगारात जाईल आणि मी घरी. आचारी म्हणतो, आम्हा दोघांत भाव जहाजालाच चांगला येईल. हा तोच आचारी, तुला चोरून दुसरे अंडे देणारा. तुझ्या वेळच्या माणसांपैकी तो आणि मी, एवढेच उरलो आहोत. आपले तेव्हाचे प्रमुख चार वर्षांपूर्वी वारले.

समुद्र आज अगदी निश्चल आहे. आभाळ आणि पाणी यांच्यात रेघच नाही. जहाज कुठे टेकले आहे हे कळत नाही. काम करताना असे काही मला सुचत नाही, पण आज सकाळपासून सुचते आहे.

प्रश्न असा. जहाज मोडीत जाण्याआधी त्यावरची सगळी जुनी मोजमापे जमा करायची आहेत. समुद्रतळाच्या प्रत्येक दिवसाच्या मोजणीला त्याच दिवसाची पाण्याची मोजणी जोडलेली हवी. हे तुला सांगायला नको, पण सव्वीस वर्षांत हे शब्द तुझ्या कानावर आले नसतील, म्हणून लिहिते. आपण तळ कधीच पाहत नाही. जहाजाखालून पंख्यासारखा आवाज सोडतो आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. आवाज कोमट पाण्यात पळतो, गार पाण्यात रेंगाळतो, थरातून थरात जाताना वाकतो. मधले पाणी ठाऊक नसेल तर तळ चुकतो. मधले पाणी तुझ्याकडे होते, तळ माझ्याकडे.

दप्तरखान्यातल्या मुलीने लिहिले आहे: त्या फेरीच्या तेराव्या दिवशी डेकच्या वहीत पाण्याचे यंत्र दोनदा सोडल्याची नोंद आहे. आमच्याकडे एकच मोजणी आली. दुसरी कुठे आहे? खाली दोन चौकोन आहेत. ‘सदोष, म्हणून रद्द’ आणि ‘उपलब्ध, सोबत जोडली आहे’. एकावर खूण करायची, खाली सही.

मुलगी चोख आहे. तिच्या जागी मी असते तर मीही हेच विचारले असते.

योगायोग म्हण किंवा काहीही म्हण, जहाज आज दुपारी त्याच जागेवरून जाणार आहे. मी कप्तानांकडे दोन तास मागितले. इतक्या वर्षांत मी जहाज थांबवा असे कधी म्हटले नव्हते, लवकर चला असेच म्हणत आले. त्यांनी कारण विचारले नाही. निवृत्त होणाऱ्या बाईचा हट्ट समजले असतील. समजू देत.


दुपारी पावणेदोन

यंत्र खाली गेले आहे. तार मिनिटाला साठ मीटर सुटते, तळ तेवीसशे मीटरवर. म्हणजे जायला चाळीस मिनिटे आणि यायला तेवढीच. मागच्या डेकवर, तू पालथी बादली ठेवून बसायचीस तिथेच, मी बसले आहे. बादली नवी आहे. तार सोडणाऱ्या विंचचा आवाज जुनाच.

तुझ्या वेळी यंत्राभोवती पाणी भरून आणणाऱ्या बारा बाटल्यांचे चक्र होते, आता चोवीस आहेत. माणसे मात्र निम्मी झाली. पडद्यावर उष्णतेची रेघ खाली खाली उतरत जाते, आणि ती बघताना डोळे जड होतात. वर उजेड आहे, शंभर मीटरवर निळे, तीनशेवर जवळजवळ काळे, आणि त्याखाली नुसता अंधार, ज्यात ते यंत्र दोरीला बांधलेल्या कंदिलासारखे एकटे चालले आहे. कंदील नव्हे, त्याला दिवा नसतो. पण मला तो दिसतो.

मी तुला कधी सांगितले नाही, मला एक स्वप्न पडते. सव्वीस वर्षे पडते आहे, वर्षातून दोनतीनदा. मी समुद्राच्या तळावरच्या बांधावरून चालते आहे. शेताला असतो तसा, सरळ, लांबच लांब. पायाखाली मऊ गाळ, पाऊल टाकले की धूर उठल्यासारखा उठतो आणि बसत नाही. तू पुढे आहेस, हातात बाटल्या. मी हाक मारते. तू ऐकतेस, हे मला पाठीवरून कळते, पण तू वळत नाहीस. मग बांध संपतो आणि तू तशीच पुढे चालत राहतेस, पाण्यातून.

तो बांध जगात नाही. हे तुला ठाऊक आहे आणि मलाही.

बारा दिवस आपण सपाट तळ मोजत होतो. प्रमुख रोज जेवताना म्हणायचे, चादर आहे चादर, यात बघण्यासारखे काही नाही. मोजणीची जबाबदारी मला पहिल्यांदाच मिळाली होती, तीही एका फेरीपुरती. मी एकतिसाची आणि तू तेविसाची. तुला जहाजावर मीच लावले होते आणि लावताना बजावले होते की इथे ताई म्हणायचे नाही, मॅडम म्हणायचे. तू हसून म्हणालीस, “आणि स्वप्नात?” मी तेव्हा हसले नव्हते.

तेराव्या दिवशी सकाळी यंत्र एकदा सोडून झाले होते. दुपारी तू बाटल्या धूत होतीस आणि नळीचे समुद्राचे पाणी तुझ्या मनगटावर पडले. तू धावत माझ्या खोलीत आलीस, हात ओले, पायांचे ठसे उमटवत.

“ताई, पाणी बदललंय.”

“कामावर ताई नाही.”

“मॅडम, पाणी बदललंय. वरचं कोमट लागतंय. यंत्र पुन्हा सोडू या.”

मी म्हटले, मनगटावर मोजमाप चालत नाही. तू वाद घातला नाहीस. जेवायला जहाज तासभर थांबणारच होते, तो तास तू आचाऱ्याच्या मदतीने कप्तानांकडून वाढवून घेतलास, आणि जेवण सोडून यंत्र खाली सोडलेस. बाबा तुला टिटवी म्हणायचे ते उगाच नाही. टिटवीसुद्धा समुद्र आटवते.

साडेतीनला तू मोजणीचा कागद आणि संगणकाची चकती माझ्या टेबलावर ठेवून गेलीस.

तोवर माझ्या पडद्यावर बांध उमटला होता.

त्या गडबडीत तुझी मोजणी संगणकात चढवायची राहून गेली. सकाळच्याच पाण्यावर मी संध्याकाळपर्यंत तळ काढत राहिले. पाणी चुकीचे धरले की पंख्याच्या कडा वर वळतात, ताटासारख्या, आणि दोन ताटे शेजारी ठेवली की मधे कडेला कड लागून उंचवटा तयार होतो. तोच माझा बांध. जहाजाच्या वाटेला समांतर, अगदी सरळ. कुणाही शहाण्या माणसाला शंका यायला हवी होती.

पुढचे तुला माहीत आहे. प्रमुख हरखले. तीन दिवस जहाज मागे फिरवून बांधावरचा दगड काढायला जाळे टाकले, आणि तिन्ही दिवस गाळ वर आला. मग चौकशी. मी सांगितले, तुझी दुपारची मोजणी सदोष होती, यंत्र पूर्ण खोलीपर्यंत नेलेच नव्हते, म्हणून सकाळचीच वापरावी लागली. प्रमुखांनी तुला बोलावले. तू माझ्याकडे पाहिलेस. मी कागदाकडे.

यंत्र वर येते आहे. उठते.


तीन वाजून दहा मिनिटे

वरचे पस्तीस मीटर कोमट आहेत. मनगट धरून पाहिले, कळते. सव्वीस वर्षांनी सांगते, मनगटावर मोजमाप चालते.

वर जे लिहिले ते पुन्हा वाचले. पान फाडून नवे लिहिणार होते, पण नोंदवहीत खाडाखोड करायची नाही, चुकीवर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहायचे, हा नियम मीच सगळ्यांना शिकवला. म्हणून ते वाक्य तसेच ठेवते आणि शेजारी बरोबर लिहिते.

चढवायची राहून गेली नव्हती. मी ती चढवली होती.

चार वाजता दार लावून तुझी चकती घातली. एका मिनिटात पडदा बदलला. कडा खाली आल्या, बांध विरघळला, आणि पुन्हा तीच चादर, सुरकुतीसुद्धा नाही. मी किती वेळ बघत बसले माहीत नाही. मग तुझी मोजणी काढली आणि सकाळची परत घातली. बांध परत आला. तो मला इतका सुंदर दिसला, टिटवे, की मी तेव्हाही स्वतःशी खोटे बोलू शकले. म्हटले, कोण जाणे, धाकटीचीच मोजणी चुकली असेल. घाईत सोडले असेल यंत्र. अर्ध्यावरून वर घेतले असेल.

तेही मला टिकू दिले नाहीस. चकतीखाली तू तो पेला ठेवला होतास.

आठवतो? चहाचा पांढरा हलका पेला. यंत्राला जाळीत बांधून खाली सोडायचा, म्हणजे पाण्याच्या दाबाने आक्रसून लिंबाएवढा होऊन येतो. सगळेच खलाशी करतात, मुलांना घरी न्यायला. मी त्याला वेळेचा अपव्यय म्हणायची. त्या दिवशी तू त्यावर निळ्या शाईने ‘ताई’ लिहून सोडलास. अक्षरेही आक्रसून मुंगीएवढी झाली आहेत, पण ‘ई’ तुझीच, शेपटी काढलेली. अर्ध्यावरून वर आलेला पेला इतका लहान होत नाही. यंत्र तळापर्यंत गेले होते. चौकशीच्या वेळी तो आणि तुझा कागद, दोन्ही माझ्या खणात होते.

तुला पुढच्या फेरीचे बोलावणे आले नाही. मला आले. आणि चूक पकडणारी बाई म्हणून माझे नाव झाले. अर्ध्या मीटरसाठी अख्ख्या दिवसाची मोजणी फेकून देते, अशी माझी ख्याती आहे. नव्या मुली मला घाबरतात. सोमवारी निरोपाच्या कार्यक्रमात यावर कुणीतरी भाषण करणार आहे. तो कार्यक्रम आता होईलसे वाटत नाही. झाला तर पहिली बोलणारी मी असेन.

तू घरी काहीच बोलली नाहीस. आईला म्हणालीस, समुद्र लागतो मला, म्हणून सोडले. आईच्या आजारपणात आपण पाळ्या लावल्या. मी यायच्या आधी तू निघून जायचीस आणि औषधांच्या टेबलावर चिठ्ठी असायची: ताप शंभर, दूध घेतले, उशी बदलली. मीही तशीच चिठ्ठी ठेवायची. चार महिने. आई गेल्यावर त्या सगळ्या मी उचलून आणल्या. तुझ्या एकसष्ट आहेत. त्यांत दूध आहे, ताप आहे, पण ताई हा शब्द एकदाही नाही. तो माझ्या खणात पडून होता.

मी क्षमा मागत नाही. मागितली की तुला उत्तर द्यावे लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम टाकायचा मला हक्क नाही. दुसऱ्या चौकोनावर खूण केली आहे. शेरा लिहिला तो असा: ‘दुसरी मोजणी निर्दोष होती. मोजणीची जबाबदारी माझी होती. मी ती जाणूनबुजून वगळली आणि चौकशीत खोटे सांगितले. मोजणी घेणारीचा दोष नाही.’ तिथे तुझे पूर्ण नाव घातले आहे. सासरचे नव्हे, तेव्हाचे. आजची मोजणीही सोबत जोडली, पडताळा म्हणून. त्या दिवसाचा नकाशा तुझ्या पाण्यावर पुन्हा काढला. तळ सपाट आहे. बघण्यासारखा आहे.

आचारी दारात उभा आहे. आज तोही बोटीने उतरतो आहे, त्याला लेकीकडे जायचे आहे, तुझे घर वाटेवरच पडते. पाकिटाची जाडी बघून म्हणाला, “मॅडम, हे पत्र आहे की अहवाल?” मी म्हटले, अहवाल, उशिरा दिलेला. तो डोके खाजवत म्हणाला, “त्या दिवशी त्यांचं जेवण मी झाकून ठेवलं होतं. तसंच राहिलं.”

लोभ असावा असे पत्राखाली लिहायची रीत आहे. मी ते लिहीत नाही. कळावे, एवढेच.

पोच
दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी, बोटीच्या शिडीपाशी, आचाऱ्याच्या हाती दिले:
मोजणीचा कागद, तेरावा दिवस, दुसरी खेप, मूळ प्रत. दप्तरखान्याला नक्कल पाठवली, अस्सल तुझी.
दप्तरखान्याच्या उत्तराची सहीशिक्क्याची प्रत.
सपाट तळाचा नकाशा, गुंडाळून.
हे पत्र.
पेला दिला नाही. त्यावर माझे नाव आहे. हवा असेल तर मागून घे, मी आणून देईन.

घेणार: आचारी (सही केली, वेळ घातली).
देणाऱ्याचे पद: ताई.